विहिरींचं कार्ड

बायडामामीच्या घरात काळं पडलेलं भांडं दिसलं, की समजायचं मामीनं अंथरूण धरलंय. एरवी तिच्या चुलीवरचं पातेलं बुडाकडूनही लखलखत असे. मी पोस्टातली नोकरदार बाई. नाशिकला इंदिरानगरच्या माझ्या घरी ती आली की चप्पल काढून आधी मोरीत डोकावायची आणि तिथूनच म्हणायची, "रूपे, पगार घेतीस ना? मंग एक चांगली घासणी घे." मला राग यायचा आणि हसूही यायचं. माझा नवरा मात्र तिच्या येण्याची वाट बघायचा, कारण तिचा मुक्काम असेपर्यंत चहाच्या कपांना दांडीपाशी डाग नसायचे. हे तो मोठ्यानं बोलून दाखवी आणि मग आमचं वाजे.

मामी म्हणजे माझ्या नाथामामाची बायको. दिंडोरीच्या अंगाला एका धरणाच्या काठी त्यांचं नवं गाव. त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. धरणाच्या गावाचं नाव छापून आलं की रविवारी गाड्या भरभरून माणसं फोटो काढायला जातात, पँटी दुमडून पाण्यात उतरतात, आणि पुढं काय होऊ शकतं ते मला माहीत आहे.

नवं गाव म्हटलं, कारण जुनं पाण्याखाली आहे. आमची माणसं माळी. झेंडू, शेवंती, मेथी, टोमॅटो पिकवायचे आणि पहाटेच्या गाडीनं नाशिकच्या बाजारात आणायचे. ब्याण्णव-त्र्याण्णव साली पाणी अडलं आणि मळे गेले. गाव उठण्याआधी लोकांनी घरांची कौलं, दारं, तुळया उतरवल्या. विहिरींच्या कठड्यांचे घडीव दगडही उपसून नेले, कारण नवी घरं बांधायची होती आणि दगड फुकट कोण सोडतो? मामाच्या नव्या घराचा ओटा त्याच्या स्वतःच्या विहिरीच्या दगडांचा आहे. त्यामुळे झालं असं, की जुन्या गावच्या शिवारात जमिनीत नुसती भोकं राहिली, कठडा नसलेली. ती बुजवून घ्यायची असं सरकारी कागदावर होतं म्हणे. कागद कोरडा राहिला आणि विहिरी बुडाल्या.

ज्यांचे मळे गेले त्यांनी मिळून मासेमारीची सोसायटी काढली. फुलं खुडणारा माझा मामा चाळिशीला टेकल्यावर नाव वल्हवायला शिकला. मामी जाळी विणायला शिकली. पहिल्या पहिल्या जाळ्याला तिनं इतक्या घट्ट गाठी मारल्या होत्या की मामा म्हणे, "ह्यात मासा नाय, पानी अडकंल." ती दोघं तेव्हा हसायची. त्यांना चंदर आणि वैष्णवी अशी दोन मुलं होती, आणि दोघंही पाण्याला लवकर सरावली.

नव्याण्णवच्या मे महिन्यात धरण खूप उतरलं. पाणी ओसरलं की गाळाच्या जमिनीवर लोक काकडी, टरबूज, भोपळा लावतात, त्याला गाळपेर म्हणतात, आणि एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर जाताना मधलं उथळ पाणी चालत ओलांडतात. चंदर अडकलेलं जाळं सोडवायला असाच कमरेएवढ्या पाण्यातून निघाला होता. काठावर मामी कपडे धूत होती. तिनं त्याला हाक मारली, त्यानं वळून पाहिलं, एक पाऊल टाकलं आणि तो तिथून नाहीसा झाला. ओरडला नाही की हात वर केला नाही. गाळ इतका होता की पाणी लगेच परत एकसारखं दिसायला लागलं.

त्याला बाहेर काढल्यावर कळलं, ती विहीर मामाचीच होती.

मामा पुढं कितीतरी दिवस एकच वाक्य बोलायचा, "आपली इहीर आपल्याला वळखू आली नाय." ज्या विहिरीवर त्यानं जन्मभर मोट आणि मग इंजिन चालवलं, ती कुठं आहे हे त्याला सांगता आलं नाही, कारण पाण्यावर बांध दिसत नाही आणि आंब्याचं झाडही दिसत नाही. मामी रडली ते फक्त त्या दिवशी. नंतर कितीतरी वर्षं ती नावेत बसली नाही, आणि तिचं घासणं वाढलं. सकाळी घासलेली भांडी ती संध्याकाळी परत घासायची. आमच्या नात्यातल्या बायका म्हणायच्या की बाईला वेड लागलं. मला ते ऐकून चीड यायची. हातांना काहीतरी काम लागतं, एवढंच होतं ते.

मामाचं वेड निराळं होतं. त्यानं ठरवलं की पाण्याखालची प्रत्येक विहीर शोधून काढायची, म्हणजे उन्हाळ्यात तिथं बांबू रोवून लाल फडकं लावता येईल. नाव घेऊन, दोरीला दगड बांधून तो तळ चाचपायचा. वर्षानुवर्षं चाचपून हाताला फार थोडं लागलं, आणि लागलेली जागा पावसाळ्यानंतर पुन्हा हरवायची, कारण पुराच्या पाण्यात बांबू वाहून जात.

मग एक यंत्र आलं. देवळाली कॅम्पातले एक निवृत्त कर्नलसाहेब गळ टाकायला धरणावर यायचे आणि मामाची नाव घ्यायचे. त्यांच्या मुलानं परदेशातून त्यांना मासे शोधायचं मशीन पाठवलं होतं. नावेच्या बुडाशी एक काळी डबी लावायची, ती आवाज सोडून पाण्याचा तळ ऐकते आणि पडद्यावर तळाची रेघ उमटते. आपण नेमके कुठं आहोत हेही ते उपग्रहावरून दाखवतं. त्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं एक कार्ड बसतं. मशीनबरोबर आलेल्या कार्डात कुठकुठल्या परमुलखातल्या तळ्यांचे नकाशे होते. आमचं धरण त्यात कशाला असेल? आमच्या पाण्यावर पडदा नुसता निळा दिसायचा. दोन हजार चार साली साहेब मुलीकडं डेहराडूनला कायमचे गेले तेव्हा मशीन मामाला देऊन गेले, आणि सोबत एक कोरं कार्ड. म्हणाले, "नाथाजी, इसमें अपना नक्शा खुद बनाओ."

मामानं तो बनवला. त्याची रीत अशी होती, की ज्याची विहीर त्यालाच नावेत बसवायचं. गावातले म्हातारे एकेक करून नावेत बसायचे. सावळीरामबाबा तर दोन्ही डोळ्यांनी अधू झालेला. तोसुद्धा हात पुढं करून म्हणायचा, "आजून थोडं. आता वढा लागंल. आता उताराला घे." तळाची रेघ एकदम सरळ खाली कोसळली की विहीर सापडली. मग वैष्णवी बटणं दाबून त्या जागेला खूण करायची आणि मालकाचं नाव टाकायची. ती तोवर लग्न होऊन देवळाली कॅम्पात राहायला गेली होती, पण सुट्टीच्या दिवशी बापासाठी यायची. मशीन बंद केलं की त्याच्या पोटात काही उरत नसे. जे असे ते कार्डावर.

नावेतून उतरलेले म्हातारे मामीच्या ओट्यावर येऊन बसायचे. ती त्यांना चहा करून द्यायची आणि ऐकायची. कुणी आपल्या विहिरीच्या पाण्याची गोडी सांगायचा, कुणी बांधावरून झालेलं जुनं भांडण पुन्हा उकरायचा. एकदा दोघा म्हाताऱ्यांची बुडालेल्या बांधावरून हमरीतुमरी झाली तेव्हा मामी म्हणाली, "जा दोघं बी, पान्याखाली जाऊन मोजून या." ती नंतर मला हे सांगताना हसली होती, आणि चंदर गेल्यानंतर ती मनापासून हसलेली मी तेव्हाच बघितली.

पाच, सहा आणि सात सालच्या उन्हाळ्यांत, पाणी उतरेल तसे, मामानं कार्ड बघून बांबू रोवले. त्या तिन्ही उन्हाळ्यांत धरणात एकही माणूस बुडाला नाही. ह्याचा कुठं सत्कार झाला नाही, आणि मामाला तो सुचलाही नसता.

सातच्याच उन्हाळ्यात कार्ड निसटून नावेतल्या साचलेल्या पाण्यात पडलं. मामाचा जीव वर-खाली झाला. पण घरी आणून कार्ड पुसलं, वाळवलं, मशीनला घातलं, आणि सगळ्या विहिरी जागच्या जागी दिसल्या. त्या धास्तीनं तो दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आला. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर कुंदनचं मोबाईल दुरुस्तीचं आणि सीडी भरून द्यायचं दुकान होतं. मी मामाला तिथं घेऊन गेले. कुंदननं कार्डाची कॉपी दुसऱ्या कार्डावर करून दिली.

"काका, एक तुमच्याकडं ठेवा आणि एक दुसऱ्या कुणाच्या घरी," तो म्हणाला. "दोन्ही एका जागी ठेवायची नाहीत. घरात काही झालं तर निदान एक वाचतं. आणि तिसरी कॉपी माझ्या कॉम्प्युटरवर राहू द्या."

"नको," मामा म्हणाला. "तुझ्याकडचं काढून टाक. माझ्यासमोर काढ."

कुंदनला वाईट वाटलं. पण मामाच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. त्या कार्डावर विहिरींबरोबर माशांचे बसण्याचे डोहही होते, आणि तालुक्याचा एक ठेकेदार सोसायटीचं पाणी गिळायला टपून बसला होता. कुंदननं मामाच्या डोळ्यांदेखत त्याच्याकडची कॉपी काढून टाकली. दुसरं कार्ड वैष्णवीनं कॅम्पातल्या आपल्या घरी कपाटात ठेवलं. मामानं घरात सगळ्यांना बजावून सांगितलं, की ही दोन कार्डं कधी एका छपराखाली यायची नाहीत.

आता दसऱ्याचं सांगते. खंडेनवमीला आमच्याकडं ज्याच्या त्याच्या धंद्याची हत्यारं पुजतात. विळा, कोयता, खुरपी, वल्हं, जाळ्याची सुई, सगळं धुऊन, पुसून, पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. ज्या हत्याराला पूजा मिळाली नाही ते वर्षभर रुसतं, असं मामीचं म्हणणं. मग एका कार्डाची पूजा झाली आणि जुळ्या कार्डाला कपाटात ठेवलं, तर ते रुसणार नाही का? तिनं वैष्णवीला निरोप धाडला, "सनाला येशील तवा त्यालाबी आन." वैष्णवी बापाला दादा म्हणायची. ती म्हणाली, दादांनी नको सांगितलंय. मामी म्हणाली, एका दिवसानं काय होतंय? वैष्णवीनं ते कार्ड रुमालात गुंडाळून माहेरी आणलं. मामा सोसायटीच्या कामाला नाशिकला गेला होता.

देवघरातली पितळी भांडी मामीनं चिंच-मिठाच्या पाण्यात भिजत घातली होती. कार्ड हातात घेऊन तिनं उलटसुलट बघितलं. पाठीवर पिवळ्या बारीक पट्ट्या होत्या आणि हाताळून हाताळून त्या काळवंडल्या होत्या. तिला ते बघवलं नाही. पाण्यात पडूनही ह्याला काही होत नाही, हे तिनं उन्हाळ्यात स्वतः पाहिलंच होतं. तिनं दोन्ही कार्डं समई आणि ताम्हनाच्या सोबत चिंचेच्या पाण्यात टाकली. नंतर काथ्यानं, राख लावून, बोटाच्या टोकानं जपून घासली. एकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त असं तिनं केलं नाही.

मी पोचले तेव्हा पूजा झालेली होती. कोयत्याच्या आणि मशीनच्या मध्ये, झेंडूच्या फुलांखाली, दोन्ही कार्डं शेजारीशेजारी ठेवली होती. त्यांच्या पट्ट्या पिवळ्या राहिल्या नव्हत्या, पांढुरक्या झाल्या होत्या. वैष्णवी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा बघून मला कळलं की तिलाही कळलंय. मामी मात्र खुशीत होती. "बघ कशी उजाळली," ती मला म्हणाली.

दसऱ्याच्या संध्याकाळी मामानं कार्ड मशीनला घातलं. निळा पडदा आला. दुसरं घातलं. तसाच निळा.

कुंदननं भिंगाखाली धरून बघितलं. वरचा सोन्याचा मुलामा खरवडून गेला होता आणि फटीतून आत मीठ शिरलं होतं. त्यानं आपल्या ओळखीनं ती मुंबईला एका ठिकाणी पाठवून बघितली. तिथूनही ती तशीच परत आली. मामानं वैष्णवीला आणि मला बाजूला घेतलं. "बायडीला काय बोलायचं नाय. दमटपनानं गेली म्हनायचं. पावसाळा लय झाला ह्या साली." घरी जाऊन तो तिला तेच म्हणाला. मामी भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि शांतपणे म्हणाली, "चिंचंनं मुलामा जातो, हे मला सांगायला पायजे का? गळ्यातली मुलाम्याची पोत मी कधी चिंचंनं घासते का? मला ते पितळ वाटलं." मग ती उठून मागच्या दारी गेली आणि खूप वेळ आत आली नाही. भाकरी मामानं भाजल्या.

पुन्हा करायचं, असं ठरलं. नवं कार्ड आणलं, आणि यंत्र तर होतंच. पण नावेत बसवायला माणसं कुठं होती? सावळीरामबाबा गेला होता. ओट्यावर भांडणारे दोघे म्हातारे एकाच पावसाळ्यात गेले होते. कार्डावर जे होतं ते त्यांच्या डोक्यातलं होतं, आणि ती डोकी चितेवर गेली होती. हे त्या घरात कुणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मामा आठवून आठवून, रोज सकाळी नाव घेऊन, तळाच्या रेघेवर नजर ठेवून पाणी विंचरत राहिला. त्याच्या वयाला तो ताप झेपण्यासारखा नव्हता. आम्ही सांगितलं, ह्या उन्हाळ्यात लोकांना पाण्यात उतरू देऊ नका, म्हणजे झालं. मामा म्हणाला, "गाळावर ज्याचं पोट हाय त्याला तू आडव. मला नाय जमत."

उन्हाळा लागेपर्यंत त्यानं बहुतेक विहिरी परत मिळवल्या. कारभारीची तेवढी मिळेना. कारभारी मामाच्या शेजारच्या मळ्याचा मालक. तो वारला होता आणि त्याची मुलं सातपूरला कारखान्यात होती. त्यांना मळासुद्धा धड आठवत नव्हता. नेमकं त्याच बाजूला गाळपेरीवाल्यांची येण्याजाण्याची वाट होती.

तेव्हा मामी म्हणाली, "मी दाखवते. आपल्या इहिरीचं पानी आटलं का मी तिथून आनायची." आणि चंदर गेल्यापासून जी बाई नावेला शिवली नव्हती, ती पदर खोचून नावेत चढली. भिका वल्ही मारत होता आणि वैष्णवी मशीनपाशी होती. भिका म्हणजे सोसायटीतला मामाचा जोडीदार. ती दोन्ही हातांनी नावेची कड धरून बसली होती आणि तिचे डोळे पाण्यावर नव्हते, दूर डोंगरावर होते. "डावीकडं घे," ती म्हणाली. "आजून. हितं. हितंच."

पडद्यावर रेघ खाली गेली, पण विहिरीची रेघ सरळ कोसळते तशी नाही. उतरत उतरत गेली. ओढ्याचा खड्डाही असू शकला असता. पाणी तोवर बरंच उथळ झालं होतं आणि मशीनला धड काही कळत नव्हतं. मामानं एकवार मामीकडं बघितलं. मग त्यानं वैष्णवीला खूण करायला सांगितलं आणि पाणी उतरल्यावर तिथं लाल फडक्याचा बांबू रोवला. घरी परतल्यावर मामी खूप दिवसांनी पोटभर जेवली. वैष्णवीनं मला फोन करून मुद्दाम तेवढंच सांगितलं, आणि मलाही बरं वाटलं.

त्या मे महिन्यात एका सकाळी मामी चुलीपाशी असताना मामा "जाळी बघून येतो" म्हणून गेला. नाव त्यानं नेली नाही. ती घरासमोरच्या काठाला बांधलेली तशीच होती, म्हणून मामीला वाटलं, जवळच कुठंतरी असेल. उन्हं चढली तरी तो आला नाही. मग गाळपेरीवाली फुलाबाई धापा टाकत आली. पलीकडच्या काठावर नाथाच्या चपला आहेत, आणि पाण्यावर एक बांबू नुसताच तरंगतोय.

भिकानं नाव घातली आणि लांब बांबूनं चाचपायला सुरुवात केली. बांबू जिथं टेकला नाही तिथं कारभारीची विहीर होती. मामीनं दाखवलेल्या निशाणापासून चांगली दोन शेतं अलीकडं. मामा तिच्यातच होता.

दहाव्याच्या दिवशी माणसं जमली. कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, अडाणीपणा नडला. मी त्या गृहस्थाला विचारलं, की तुमच्या घरची कार्डं कुणी घासली नाहीत ती तुम्ही शहाणे म्हणून, की तुमच्या बायकोला काही घासायची सवय नाही म्हणून? असं बोलल्याचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. दोनदा माणूस गेलेल्या घरी येऊन लोकांना शहाणपण सुचतं, ह्याचा मला अजून संताप येतो.

मग भिका रडायला लागला. म्हणाला, आदल्या संध्याकाळी नाथादादा मला बोलला होता, की ती रेघ इहिरीची नव्हं, मला जाऊन बघितलं पायजे. मी म्हनलं, सकाळी नाव काढू. तर म्हनला, "नको. नाव काढली का बायडीला दिसंल. तिला वाटंल माझ्यावर भरवसा नाय ठेवला. मी पलीकडून चालत जाऊन गुपचूप बघतो. खरी जागा घावली, का बांबू तेवढा हलवीन." भिकाला वाटलं होतं आपण दबक्या आवाजात बोलतोय. पण मामी उंबऱ्यात उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं.

जुलैत धरण परत भरत आलं. वैष्णवी नवं कार्ड घेऊन आली, खरी जागा नोंदवायला. ह्या खेपेला तिनं कॉप्या कुंदनकडं, माझ्याकडं आणि शाळेच्या मास्तरांकडंही द्यायचं ठरवलं होतं, ठेकेदाराला काय करायचं ते करू दे म्हणून. मामी म्हणाली, मी येते. आम्ही चौघं नावेत होतो, भिका, वैष्णवी, मामी आणि मी. त्या जागेवर आल्यावर रेघ सरळ कोसळली. भिका वल्ही थांबवून म्हणाला, सोसायटीच्या लोकांचं म्हणणं आहे, हिला नाथाची इहीर म्हणायचं.

"नको," मामी म्हणाली. "ती कारभारीची इहीर हाय. तिला ह्यांचं नाव कशापायी? लय चांगलं केलंय का तिनं?"

वैष्णवीनं कारभारीचं नाव टाकलं. मग ती मशीन बंद करायला लागली, तेव्हा मामीनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"मी दाखवलेली जागा आजून हाय का त्याच्यात?"

वैष्णवीनं मान हलवली. दोन शेतांपलीकडं ती खूण पडद्यावर दिसत होती.

"ती पूस."

"राहू दे ना गं आई. काय बिघडतंय तिचं?"

"तिथं इहीर नाय. पूस."

वैष्णवीनं खुणेवर बाण नेला आणि बटण दाबलं. खूण गेली नाही, पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या. मामीला वाचता येत नव्हतं. तिनं पडद्याकडं पाहिलं आणि मग लेकीकडं.

"काय म्हनतंय?"

"इचारतंय," वैष्णवी म्हणाली. "नक्की पुसायचं का, आसं इचारतंय."

"हो म्हन त्याला," मामी म्हणाली. "मला कुनी इचारलंच नाय. ह्यांनी बी नाय."